गाडी किती पिते?

चवथीच्या आदल्या आठवड्यात भाच्याने नवी गाडी आणली. डिचोलीच्या आमच्या घरापुढे ती उभी राहिली, तेव्हा तुळस आणि फाटक यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन सरकेल एवढीच वाट उरली. नारळ फोडला, चाकांखाली लिंबे चिरडली, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटले. मग शेजारच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून तो प्रश्न विचारला, जो आपल्याकडे कधी कधी किमतीच्याही आधी विचारला जातो.

"ॲव्हरेज किती देते रे?"

"कंपनी अठरा म्हणते, काका. पण रोज पणजीला जायचं म्हणजे दहाच धरायचे. त्यात पर्वरीच्या रस्त्याचं काम चाललंय."

"चालायचंच. एवढ्या मोठ्या गाडीला तेवढं लागणारच," काका म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

मला त्या ‘देते’ची गंमत वाटली. गाय दूध देते, माड नारळ देतो. त्यांच्याबाबतीत किती देतात हे विचारणे रास्त. गाडी पिते. पिणाऱ्याला आपण ‘किती देतोस’ म्हणून विचारतो आणि आकडा मोठा आला की खूश होतो. हा नुसता शब्दांचा खेळ असता तर सोडून दिला असता. पण हवामानाच्या हिशेबात हाच उलटा प्रश्न आपल्याला चकवतो, आणि माझ्या मते सरकारलाही.

आधी लिटरचे पाहू. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास. ते जळले की सायलेन्सरमधून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पाऊण किलोचे सव्वादोन किलो झाले कसे? पेट्रोलच्या वजनात ८५ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. जळताना त्याच्या प्रत्येक अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. १२ वजनाचा कार्बन ४४ वजनाचा वायू होऊन निघतो. वाढलेले वजन हवेने दिलेले. डिझेलचा लिटर अधिक जड, त्यातून साधारण २.७ किलो निघतात, म्हणून डिझेल आणि पेट्रोल गाड्यांचे ॲव्हरेज शेजारी ठेवून तुलना करणारा थोडा फसतोच. भाच्याच्या गाडीची टाकी एकदा काठोकाठ भरली आणि रिकामी झाली, की शंभर किलोहून अधिक वायू हवेत जातो. तांदळाच्या पन्नास किलोंच्या दोन पोत्यांएवढा. दिसत नाही, वास येत नाही, खोकलाही येत नाही.

आणि त्याला गाळणी नाही. हे लोकांना पटवून देणे सर्वांत कठीण जाते. पंपाशेजारच्या व्हॅनमधला मुलगा सायलेन्सरमध्ये नळी घालतो, फोटो काढतो, पीयूसीची पावती हातात देतो आणि आपण ‘प्रदूषणमुक्त’ होऊन पुढे जातो. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत पास-नापास ठरते ते कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनवर. डिझेल गाडीत धुराच्या काळेपणावर. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ मानकांनी हे विषारी वायू बरेच आटोक्यात आणले, त्याचा फायदा आपल्या फुप्फुसांना आहेच. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो काय? मोनॉक्साइडचा डायऑक्साइड करतो. टाकीत जेवढा कार्बन ओतला तेवढा बाहेर येणारच. तो कमी करायचा तर टाकीत कमी ओतायचा, दुसरा रस्ता नाही. म्हणून गाडीचे इंधन आणि पृथ्वीचे तापमान यांचे नाते इतके सरळ आहे : किती किलोमीटर धावलात, आणि दर किलोमीटरला किती जाळलेत. दोन आकड्यांचा गुणाकार.

चवथीच्या आदल्या रात्री गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी बांधताना भाच्याने स्टुलावरून मला तोडगा सुचवला. मी खालून सुपारीचे शिपटे वर देत होतो, तो सुंभाने आवळत होता.

"मामा, तू उगाच तोंड पाडू नकोस. आईची स्कूटर पंचेचाळीस देते. ती विकतो आणि साठ देणारी घेतो. म्हणजे झाली की बरोबरी!"

पंधराने वाढलेला आकडा. ऐकायला भरघोस. मी म्हटले, दोन्ही गाड्या महिन्याला हजार-हजार किलोमीटर धावतात असे धर. पंचेचाळीस देणारी स्कूटर २२ लिटर पिते, साठ देणारी पावणेसतरा. वाचले साडेपाच लिटर. आता तुझी गाडी. दहाच्या ॲव्हरेजने ती १०० लिटर पिते. तिचे दहाचे बारा झाले, फक्त दोनने वाढले, तर ८३ वर येते. वाचले सतरा. तिप्पट. आणि तू दहावरून जुन्या गाडीच्या सोळावर परत गेलास तर साडेसदतीस लिटर वाचतील, म्हणजे महिन्याला पंचाऐंशी किलो वायू.

तो स्टुलावर तसाच थांबला. "म्हणजे आकडा फसवतो?"

आकडा खोटा नाही, उलटा आहे. किलोमीटर वर आणि लिटर खाली, असा हा अपूर्णांक आपण लहानपणापासून वाचत आलो. २००८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी लोकांना असेच पर्याय देऊन दाखवून दिले, की भले भले इथे चुकतात; मोठ्या आकड्याची मोठी वाढ त्यांना मोठी बचत वाटते. पुढे अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवरच्या पट्टीवर शंभर मैलांना किती गॅलन लागतात हेही छापू लागले. युरोपात तर पूर्वीपासून शंभर किलोमीटरला किती लिटर असेच बोलतात. आपल्या घरातल्या फ्रिजवर आणि एसीवर ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या तारांकित पट्ट्या येऊन पुष्कळ वर्षे झाली. शोरूममधल्या गाडीच्या काचेवर मात्र मला आजवर सनरूफची जाहिरातच दिसली आहे.

या उलट्या आकड्याचा एक परिणाम असा, की इंधन वाचवायचा उपदेश नेहमी चुकीच्या माणसाला होतो. पन्नास देणाऱ्या मोटारसायकलवरून म्हापशाला भाजी विकायला जाणाऱ्याला आपण सांगतो, सिग्नलला इंजिन बंद कर, हवा तपास, हळू चालव. सगळे खरे आहे. पण तो महिन्याला दहा लिटर पितो. त्याच्याकडून मिळून मिळून एक लिटर वाचेल. शंभर लिटर पिणारा त्याच सिग्नलला काचा वर करून एसीत बसला आहे. उभ्या गाडीचा ॲव्हरेज शून्य असतो हे पर्वरीच्या रांगेत रोज अर्धा तास काढणाऱ्यांना सांगायची गरज नाही; एसी चालू ठेवून उभी असलेली मोठी गाडी तासाला लिटरभरही सहज पिते.

‘गोवा केवढासा, आपण वाचवून काय होणार’ असे कुणी म्हटले की मी त्याला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा सांगतो. गोव्यात शंभरातल्या ४५ घरांत चारचाकी आहे, देशात सर्वाधिक. देशाची सरासरी साडेसात. दुचाकी तर इथे ८५ हून जास्त टक्के घरांत. बाकीचा भारत वीस-तीस वर्षांनी जिथे पोहोचेल तिथे आपण आधीच पोहोचून गाडी लावायला जागा शोधतो आहोत. म्हणून गोव्याने काय केले याला टनांच्या हिशेबापलीकडे किंमत आहे.

आता माझ्या बाजूचा कमकुवत दुवा मीच सांगतो, कारण तो माझ्याच घरात निघाला. माझे वडील मराठी शाळेत मास्तर. पेट्रोल भरल्यावर ते पंपावरच खिशातली वही काढत : तारीख, मीटरचा आकडा, लिटर, आणि शेवटी ‘कारण’ नावाचा एक रकाना. सुरुवातीची पाने स्कूटरची आहेत. टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायची, चाळीसच्या आसपास देणारी. नव्वदच्या दशकात त्यांनी फोर-स्ट्रोक मोटारसायकल घेतली. ती पासष्ट द्यायची. वहीत पान उलटावे तसा आकडा बदललेला दिसतो. आणि महिन्याचे लिटर? स्कूटरला नऊ-साडेनऊ. मोटारसायकलला आठ-साडेआठ. ॲव्हरेज दीडपटीहून वाढला, पेट्रोल जेमतेम लिटरभराने उतरले. उत्तर ‘कारण’च्या रकान्यात आहे. स्कूटरच्या काळात तिथे शाळा आणि दवाखाना. मोटारसायकल आल्यावर ‘म्हापसा, शुक्रवारचा बाजार’, ‘तालीम’, ‘तालीम’, ‘साखळी, नाटक’, पुन्हा ‘तालीम’. जत्रेतल्या नाटकात बाबा हमखास भटजीची नाहीतर प्रधानाची भूमिका करत आणि गावोगावी तालमींना जात. गाडी कमी पिऊ लागली तसे ते जास्त फिरू लागले.

१८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने हेच कोळशाबद्दल लिहिले होते. वाफेची इंजिने काटकसरी झाली म्हणून कोळसा वाचला नाही. उलट इंजिने परवडू लागली, जिथे नव्हती तिथे बसली, आणि कोळशाचा खप वाढला. हा दाखला देऊन ‘मग ॲव्हरेज सुधारून उपयोगच काय’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. संशोधकांचे बहुतेक अंदाज असे, की मोटारींच्या बाबतीत वाचलेल्या इंधनातला काही भागच जादा फिरण्यात जातो, सगळा नाही. ज्याच्या पोटात आधीच पुष्कळ फिरणे आहे, त्याला इंधन स्वस्त पडले म्हणून तो दुप्पट फिरत नाही; दिवसाला तास तेवढेच असतात. बाबांचे फिरणे आधी पोटाला चिमटा घेऊन बांधलेले होते, ते सुटले. त्या तालमी मी कुठल्या तोंडाने वाया गेलेल्या म्हणू?

इंधनाच्या दराचा प्रयोग मात्र आपण गोवेकरांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला आहे. २०१२ साली मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला आणि पेट्रोल लिटरमागे अकराएक रुपयांनी उतरले. पत्रादेवीकडच्या पंपांवर सिंधुदुर्गच्या एमएच ०७ आणि पोळ्याच्या बाजूला कारवारच्या केए ३० च्या गाड्या रांगा लावू लागल्या. पुढे कर टप्प्याटप्प्याने चढला, तरी आजही बांद्याचा माणूस टाकी भरायला इकडे डोकावतोच. सामान्य माणसाला दिलासा, असे तेव्हा म्हटले गेले आणि स्कूटरवाल्याला तो मिळालाही. पण दहा लिटर पिणाऱ्याला ११० रुपये आणि शंभर लिटर पिणाऱ्याला ११०० रुपये, अशी त्या दिलाशाची वाटणी होती. त्या वेळी मीही टाळ्या वाजवल्या होत्या, हेही सांगून टाकतो.

कंपनी अठरा सांगते आणि रस्ता दहा देतो, यातला फरक कुठे जातो? कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त करतात, आणि भारतात आजवर वापरात असलेल्या या चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जात नाही. तिथे घाट नाही, पावसाळ्यातला चिखल नाही, मागच्या सीटवर तीन पाहुणे आणि डिकीत काजूच्या पिशव्या नाहीत. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो : ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवेला ढकलायला दर किलोमीटरला दीडपटीहून अधिक जोर लागतो. उंच, चौकोनी, कपाटासारख्या तोंडाची गाडी असली तर विचारूच नका. परीक्षा घरच्या शाळेत आणि पेपर आधीच माहीत, असा हा मामला आहे. कधी कधी तर मार्कही खोटे निघतात. २०१६ मध्ये जपानच्या मित्सुबिशी मोटर्सने कबूल केले, की मायलेजच्या चाचण्यांत १९९१ पासून चुकीची पद्धत वापरली जात होती.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. केंद्र सरकारचे ‘कॅफे’ निकष २०१७ पासून लागू आहेत. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या मोटारींची सरासरी काढायची आणि ती किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या आसपास ठेवायची. २०२२ पासून हे लक्ष्य ११३ ग्रॅमवर आले. ११३ ग्रॅम म्हणजे पेट्रोलच्या भाषेत लिटरला एकवीसेक किलोमीटर. रस्त्यावर एवढी देणारी गाडी तुमच्या ओळखीत कुणाकडे आहे? निकषातल्या चोरवाटा वाचल्या की उलगडा होतो. लक्ष्य गाड्यांच्या वजनाशी बांधलेले आहे : ज्या कंपनीच्या गाड्या जड, तिला सूट जास्त. शिवाय विजेवरची एक गाडी विकली की ती सरासरीत तीन म्हणून धरतात. एकाच उंच मुलाची हजेरी तीनदा लावून वर्गाची सरासरी उंची वाढवण्यासारखे हे आहे. आणि दुचाकींना, ज्यांच्यावर निम्मा देश बसलेला आहे, हे निकष लागूच नाहीत.

अमेरिकेने हाच खड्डा आपल्या आधी खणला होता. १९७३ च्या तेलसंकटाने हादरून त्यांनी १९७५ मध्ये मायलेजचे कायदे केले, मोटारींचा ॲव्हरेज दहा वर्षांत झपाट्याने सुधारला. पण शेतकरी-कंत्राटदारांच्या ट्रकांना वेगळा, सैल नियम ठेवला. कंपन्यांनी ट्रकच्या सांगाड्यावर गुबगुबीत सीटा बसवल्या आणि शहरातल्या बायाबापड्यांना मुलांना शाळेत सोडायला ट्रक विकले. आज भारतातही विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत अर्ध्याहून अधिक त्याच जातकुळीच्या, म्हणजे एसयूव्ही आहेत. इंजिनांत सुधारणा झाल्याच, पण बराचसा फायदा पत्र्याच्या वजनाने गिळला.

कराचेही तसेच. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीत चार मीटरच्या आतली, १२०० सीसीच्या आतली पेट्रोल गाडी (डिझेल असेल तर १५०० सीसी) १८ टक्क्यांत, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्या ४० टक्क्यांत. मोठ्या गाड्यांचा जुना सेस धरून होणारा बोजा त्याहूनही जास्त होता, तो उलट उतरला. हा कर गाडीची लांबी मोजतो, इंजिनाचे पोट मोजतो. ती पिते किती हे मोजत नाही. शिंप्याची टेप घेऊन दारूची नशा मोजण्याचा प्रकार.

इथे कुणीतरी म्हणेलच, विजेच्या गाड्या येताहेत, मग हा ॲव्हरेजचा काथ्याकूट कशाला? येऊ देत, याव्यातच. २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी पर्यटकांसाठीची नवी वाहने जानेवारी २०२४ पासून विजेचीच असतील अशी घोषणाही केली होती. कळंगुटला जाऊन भाड्याच्या काळ्या पाट्यांच्या गाड्या मोजल्या की घोषणेचे काय झाले ते दिसते. पण विजेलाही ॲव्हरेज असतो हे आपण विसरतो. गोवा आपली वीज बव्हंशी बाहेरून आणतो, त्यातली मोठी वाटणी कोरबा, विंध्याचल अशा कोळशावरच्या केंद्रांची. मुरगाव बंदरातल्या कोळशाविरुद्ध आपण मोर्चे काढतो आणि रात्री कोरब्याच्या कोळशावर मोबाइल लावून झोपतो. देशाच्या ग्रीडमध्ये एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या हिशेबाने, तारांतली गळती धरून, विजेची स्कूटर किलोमीटरला तीसेक ग्रॅम पडते. पेट्रोलची पंचेचाळीस देणारी ५१. जड विजेची एसयूव्ही दीडशेच्या घरात; भाच्याची पेट्रोलची २३०. म्हणजे विजेने फायदा नक्की होतो, पण पाच विजेच्या स्कूटरांएवढे एकटी पिणारी विजेची गाडीही असू शकते. ग्रीडमध्ये सूर्य आणि वारा जसजसे वाढतील तसा हा आकडा उतरेल. वजन मात्र वजनच राहील.

इथेनॉलचे दोन शब्दांत. लिटरमागे त्यात पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ताकद असते, म्हणून २० टक्के मिसळल्यावर ॲव्हरेज थोडा पडतो. लोकांची तक्रार अगदीच कल्पनेतली नाही. पण उसाने हवेतूनच घेतलेला कार्बन परत जातो, म्हणून लिटर वाढले तरी वायू तेवढ्या पटीत वाढत नाही. ऊस कुठल्या पाण्यावर पिकवला हा खरा प्रश्न, आणि तो दुसऱ्या लेखाचा आहे.

आतापर्यंत गुणाकारातल्या एकाच आकड्याबद्दल बोललो : दर किलोमीटरला किती. दुसरा आकडा, किलोमीटर किती, हा बोलण्यात येतच नाही, कारण तो कंपन्यांना विकता येत नाही. आणि तो बराचसा सरकारच्या हातात असतो. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. मडगावच्या माणसाला दाबोळीचा जुना विमानतळ पंचवीसेक किलोमीटर, मोपा साठहून अधिक. प्रत्येक फेरीला एवढे किलोमीटर वाढले. त्यात प्रवासी सोडून टॅक्सी रिकामी परतली की पंधराचा ॲव्हरेज प्रवाशामागे साडेसातवर येतो. कुठल्या अभियंत्याने किती डोके लढवले म्हणजे ही तूट भरून निघेल? विमानतळ वाईट असे मी म्हणत नाही. पण जो निर्णय लोकांचे किलोमीटर वाढवतो, त्याच्या फायलीत लिटरचा कागद असायला हवा एवढेच म्हणतो.

बसचा हिशेब तर मला फार आवडतो, कारण तो दोन्ही बाजूंना टोचतो. डिझेलची बस लिटरला साडेचार किलोमीटर देते असे धरा. काकांना सांगितले तर ते भाच्याच्या गाडीला शाबासकी देतील. किलोमीटरला ६०० ग्रॅम. पण आत चाळीस माणसे असली की माणशी १५ ग्रॅम. एकट्याने चालवलेल्या स्कूटरच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. आता हीच बस दुपारी सात माणसे घेऊन निघाली तर माणशी ८५ होतात आणि स्कूटरवाला जिंकतो. बाराच्या आसपास माणसे बसली की बरोबरी. म्हणून ‘बसने जा’ हा उपदेश पुरेसा नाही. बस भरेल अशा वेळेला, भरेल अशा मार्गावर, लोकांना भरवसा वाटेल इतक्या वेळा सुटायला हवी. कदंब हे गोव्याचे बस महामंडळ १९८० मध्ये सुरू झाले; त्याच्या पणजी–मडगाव शटलच्या रांगेत कारकुनापासून वकिलापर्यंत सगळे उभे राहतात; कारण पुढची बस येणार हे ठाऊक असते. आपला माणूस बसला नाके मुरडतो हे खरे नाही. तो न येणाऱ्या बसला नाके मुरडतो.

तर माझी मागणी साधी आहे, आणि ती दिल्लीकडे नाही. वाहनांवरचा कर हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातल्या राज्यसूचीतला विषय आहे, नोंद ५७. गोवा सरकार गाडी नोंदवताना एकरकमी रस्ता कर घेते तो किमतीवर. तो गाडी किती पिते यावर घ्यावा. शंभर किलोमीटरला पाच लिटर पिणारीला कमी, आठ पिणारीला जास्त, बारा पिणारीला टोचेल इतका. विजेच्या गाडीलाही शंभर किलोमीटरला किती युनिट, यावर मोजावे. फुकट सूट कुणालाच नको. ब्रिटनने २००१ पासून, फ्रान्स आणि आयर्लंडने २००८ पासून गाड्यांचा कर कार्बनशी जोडला. आयर्लंडचा धडा जरा कडू आहे : डिझेल गाड्या कागदावर कमी कार्बनच्या, म्हणून लोक लोंढ्याने तिकडे वळले आणि शहरांतली हवा दुसऱ्या विषाने बिघडली. तेव्हा डिझेलला वेगळा काटा लावावा. भाड्याच्या गाड्यांपासून सुरुवात करावी, कारण त्या घरच्या गाड्यांपेक्षा जास्त धावतात आणि जिथे जास्त धाव तिथे लिटर जास्त. या कराचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून रात्रीच्या बसगाड्यांना द्यावा.

लोक म्हणतील, हा मोठी गाडी घेणाऱ्यांवर राग आहे. भाचा माझा लाडका आहे आणि त्याच्या गाडीत मी पुढच्या सीटवर बसतो. राग असता तर मागे बसलो असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार : मोठे कुटुंब असलेल्याने काय करायचे? सात माणसे घेऊन सात आसनांची गाडी चालली तर माणशी हिशेबात ती चांगलीच बसते, आणि करातली वाढ सात जणांत विभागते. प्रश्न सात आसनांत एक माणूस बसून पणजीला जातो त्याचा आहे.

बाबांची वही मी भाच्याला दिली. मागची चाळीसेक पाने कोरी होती. त्याने हसत घेतली, पण लिहू लागला. आजोबांचे अक्षर समोर असले की माणूस आपोआप नीट लिहितो. एक बदल त्याने केला. पेट्रोल भरल्यावर नोंद करण्याऐवजी गाडी पणजीला काढली त्या प्रत्येक दिवशी एक ओळ.

गेल्या महिन्यात आम्ही मये–चोडणवरून निघालो. रायबंदरच्या फेरीबोटीत कामगाराने हात करून त्याची गाडी मधोमध घ्यायला लावली, मग दोन्ही बाजूंच्या फटींतून स्कूटरवाले शिरले. "इंजीन बंद कर रे." त्याने चावी फिरवली, एसी थांबला, काच खाली आली आणि खाडीचा खारट वारा आत आला. मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून वही काढली. एकवीस दिवसांपैकी चौदा दिवस गाडी काढलेली. शेवटच्या रकान्यात ‘पाऊस’ दोनदा, ‘आईला दवाखाना’ एकदा, ‘उशीर’ दोनदा. उरलेल्या नऊ ओळींपुढे, आजोबांच्या ‘तालीम’सारखेच एकाखाली एक, लिहिले होते : परतीची बस नाही.